गैरहजराची ठेव

रविवारी दुपारी चार वाजता आमच्या घरच्या जेवणाच्या टेबलाभोवती सहा माणसे जमतात. पण ज्या रविवारी पाचच येतात त्या रविवारी सहाव्या, रिकाम्या खुर्चीसमोर जो एक घड्या पडलेला कागद तसाच पडून राहतो, त्याचे काय करावे, हा वरकरणी क्षुल्लक वाटणारा प्रश्न गेली काही वर्षे माझ्या मनात ठाण मांडून बसला आहे. त्या कागदावर एका काल्पनिक व्यक्तीचे नाव असते, तिचे बळ आणि तिची दुर्बलता आकड्यांत मांडलेली असते, तिच्या झोळीतल्या दोरखंडापासून तिने कोणाला दिलेल्या वचनापर्यंत सारे बारीक अक्षरांत नोंदलेले असते. आणि ज्याने ते वर्ष-दोन वर्षे रविवारमागून रविवार लिहीत, खोडत, पुन्हा लिहीत आणले, तो माणूस त्या दिवशी संसाराच्या एखाद्या अटळ कामात कोठेतरी गुंतलेला असतो. माणूस नाही, पण त्याचे पात्र आहे. आणि कथा तर थांबायला तयार नाही. अशा वेळी त्या पात्रावर सत्ता कोणाची, या प्रश्नाचे जे उत्तर बहुधा अर्ध्या मिनिटात उरकून टाकले जाते, ते मला अन्यायाचे वाटते, आणि म्हणून हा लेखनप्रपंच.

ज्यांचा या खेळाशी परिचय नाही त्यांच्यासाठी थोडा खुलासा अवश्य आहे. या प्रकाराला रोलप्लेइंग गेम म्हणतात, आणि डंजन्स अँड ड्रॅगन्स हा त्याचा आद्य व आजही सर्वांत विख्यात अवतार होय. येथे सोंगट्यांची शर्यत नाही, आणि शेवटी कोणी जिंकला वा हरला असेही होत नाही. एक जण सूत्रधार होतो, ज्याला खेळाच्या परिभाषेत डंजन मास्टर म्हणतात, आणि तो अरण्य, दुर्ग, राजदरबार, शत्रू यांचे वर्णन करतो. उरलेले प्रत्येकी एक पात्र घेतात आणि त्या प्रसंगी आपले पात्र काय बोलेल, काय करील ते सांगतात. ज्या कृतीचे यश अनिश्चित असते तिचा निवाडा वीस पैलूंचा फासा टाकून होतो. अशा बैठकांची जी माळ महिनोनमहिने, प्रसंगी वर्षानुवर्षे चालते तिला कॅम्पेन म्हणतात. आपण तिला मोहीम म्हणू. नाटकातला नट ऐनवेळी आजारी पडला तर बदली नट उभा करता येतो, कारण संवाद नाटककाराने आधीच लिहून ठेवलेले असतात. येथे संवाद कोणीच लिहिलेले नसतात. नट तोच नाटककार असतो, आणि तो आला नाही की त्याच्या पात्राचे पुढचे वाक्य जगात कोणालाच ठाऊक नसते. या खेळात गैरहजेरीचा प्रश्न इतर कोणत्याही खेळाहून बिकट का होतो, याचे मर्म येथे आहे.

हा प्रश्न खेळाच्या जन्मदात्यांनाही सुचला होता, हे पाहून मला प्रथम विस्मय वाटला आणि मग आदर. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या लहानशा गावातून गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ १९७४ साली तीन पुस्तिकांच्या पेटीच्या रूपाने बाहेर पडला; पहिली आवृत्ती अवघ्या १,००० प्रतींची होती. त्यातील पहिल्याच पुस्तिकेत अशी तरतूद आहे की, खेळाडूने आपल्या पात्राचा एक नातेवाईक वारस म्हणून नेमून ठेवावा. पात्र अकस्मात नाहीसे झाले, मग त्याचा मृत्यू सिद्ध झालेला असो वा नसो, आणि खेळातल्या कालगणनेने साधारण एक महिना लोटला, की १० टक्के कर भरून त्या वारसाने मालमत्तेचा ताबा घ्यावा. आणि मूळ पात्र परतले तर त्याने आणखी १० टक्के भरून आपली चीजवस्तू सोडवून घ्यावी. इतकेच सांगून ते कलम थांबत नाही. परतलेल्या मालकाच्या चाकरीत राहिलेल्या त्या नातेवाइकाची निष्ठा उणावलेली असेल आणि मालमत्ता पुन्हा बळकावण्यासाठी तो कारस्थानेही करील, असा इशारा त्यात दिलेला आहे. मुंबईला गेलेल्या चाकरमान्याच्या वाट्याची जमीन गावी राहिलेल्या भावाने वहिवाटावी, आणि वीस वर्षांनी चाकरमानी परतल्यावर बांधावर काय घडावे, हे ज्यांनी कोकणात पाहिले आहे त्यांना या कलमाची भाषा परकी वाटणार नाही. दूर अमेरिकेतल्या त्या दोघांनी आपल्या खेळात ताबा आणि मालकी यांतील अंतर ओळखले होते, आणि माझ्या प्रतिपादनाचा पाया तोच आहे.

मात्र त्या काळी गैरहजेरीची झळ आजच्याइतकी तीव्र नव्हती. त्याच पुस्तिकेत एका मोहिमेत ४ ते ५० खेळाडू सामावतील आणि सुमारे वीस जणांमागे एक सूत्रधार असावा, असे म्हटले आहे. म्हणजे रोज तीच माणसे टेबलाशी असावीत ही अपेक्षाच नव्हती. जे आले ते भुयारात उतरले, सायंकाळी वर आले, मिळालेले धन वाटून घेतले आणि पांगले. जो आला नाही त्याचे पात्र गावात राहिले, एवढाच अर्थ. गायगॅक्सने १९७९ सालच्या आपल्या सूत्रधारांसाठीच्या ग्रंथात खेळातल्या काळाची नोंद काटेकोर ठेवण्याचा जो आग्रह धरला, त्याचेही एक कारण हेच, की कोणाचे पात्र कोठे आणि किती दिवस आहे याचा हिशेब राहावा. पुढे १९८४ सालापासून ड्रॅगनलान्स या नावाने जी साहसमालिका निघू लागली तिने या खेळाला सलग महाकथेची गोडी लावली. पात्रे कथेची नायक-नायिका झाली, त्यांची मागली वैरे आणि प्रेमे पुढल्या प्रसंगांना कारणीभूत होऊ लागली. खेळ त्यामुळे समृद्ध झाला यात संशय नाही. पण त्याच क्षणी गैरहजर खेळाडू हा सर्वांच्या वाटेतला अडसर ठरू लागला, कारण भुयारातून एक मशालजी कमी झाल्याने फारसे बिघडत नाही, कथेतून मात्र नायिका उणी करता येत नाही.

आज रूढ असलेले मार्ग या खेळाच्या २०१४ सालच्या सूत्रधार-ग्रंथात संक्षेपाने दिले आहेत, आणि ते चार आहेत. पहिला मार्ग असा की गैरहजराचे पात्र दुसऱ्या खेळाडूने चालवावे, आणि ते जिवंत राहील व त्याची सामग्री उधळली जाणार नाही याची काळजी घ्यावी. दुसरा, ते सूत्रधाराने स्वतः चालवावे. तिसरा, पात्राला काही सबळ कारणाने मागे ठेवावे, आणि परतीची वाट खुली ठेवावी. चौथा, कारण न देता त्याला पार्श्वभूमीत विरू द्यावे: राक्षस त्याच्यावर हल्ला करणार नाहीत, तेही राक्षसांवर करणार नाही. हा चौथा मार्ग आपल्या अंगणातल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. त्याला आपण कच्चा लिंबू म्हणतो. धाकट्या भावंडाला खेळात तर घ्यायचे, पण बाद करायचे नाही, या करुणेतून निघालेली ती व्यवस्था आहे, आणि एखाद्या दुपारपुरती ती पुरेशीही आहे. परंतु मोहीम लांबली की कथेत वावरणारी ही सावली सर्वांनाच खटकू लागते. दुसऱ्या मार्गात सूत्रधार एकाच वेळी न्यायाधीश आणि पक्षकार होतो. तो कितीही निःस्पृह असला तरी ती जागा अवघड आहे. सर्वांत सोयीचा म्हणून सर्वांत अधिक चालतो तो पहिला मार्ग, आणि त्याविषयीच मला अनुभवाने बोलायचे आहे.

आमच्या मोहिमेत एका मैत्रिणीचे ओवी नावाचे पात्र होते. ओवी ही नदीदेवतेची पुजारीण, जखमा बांधणारी, स्वभावाने सावध. दीड वर्षात ती कधी कोणाच्या पुढे चालली नव्हती, कारण मागे राहिल्यावाचून मागे पडलेल्यांना उचलता येत नाही, असे ती म्हणत असे. वडिलांच्या आजारपणामुळे मैत्रिणीला लागोपाठ तीन रविवार येता आले नाही. पहिल्या दोन बैठका आम्ही कशाबशा निभावल्या. तिसऱ्या बैठकीत आमचे पथक एका कोसळलेल्या खाणीच्या तोंडाशी पोहोचले, आत काय आहे हे कोणालाच माहीत नव्हते, आणि ज्याच्या हाती ओवीचा कागद होता त्याने, कोणताही दुष्ट हेतू मनात नसताना, ‘ओवी पुढे जाऊन बघते’ असे म्हटले. तो स्वतःच्या पात्राला पुढे धाडता ना, हे मला त्या क्षणीही दिसत होते. सूत्रधार मी होतो. एक शब्द उच्चारून मी ते थांबवू शकत होतो. मी थांबवले नाही, कारण बैठक रंगली होती आणि घड्याळात सात वाजत आले होते. फासे पडले, छत कोसळले, ओवी गेली.

पुढल्या रविवारी मैत्रीण आली. आम्ही ओशाळून सगळी हकिगत सांगितली. मृताला परत आणणारे मंत्र या खेळात आहेत, तेव्हा काहीच बिघडलेले नाही, असेही सांगितले. तिने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “पण ओवी पुढे का गेली? ती कधीच पुढे जात नाही रे.” या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मृत्यूची तक्रार तिने केलीच नाही. तिला सलत होते ते हे, की मरणापूर्वीच तिच्या ओवीच्या जागी कोणी तरी अन्य उभी केली गेली होती, आणि आम्हा पाच जणांपैकी एकानेही तिला ओळखण्याची तसदी घेतली नव्हती. मंत्राने परत आणण्यास तिने नकार दिला. तो घड्या पडलेला कागद तिने पर्समध्ये ठेवला, आणि त्या दिवशी ती केवळ श्रोता म्हणून बसून राहिली.

त्या रात्री मला महाभारतातली द्यूतसभा आठवली, आणि आठवली ती तिच्या एका तपशिलासाठी, ज्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. द्रौपदी पणाला लावली गेली तेव्हा ती सभेत नव्हती, अंतःपुरात होती. तिच्या नावाने फासे पडले, ती हरली गेली, आणि मग दूत पाठवून तिला ते कळवण्यात आले. तिने उलट निरोप धाडला तो अधिकाराविषयीच होता: युधिष्ठिराने आधी स्वतःला हरवले की मला? जो स्वतःवरचीच सत्ता गमावून बसला त्याला मला पणाला लावण्याचा अधिकार कोणी दिला? धर्माची गती सूक्ष्म आहे एवढे बोलून भीष्मांसारखे वडीलधारे मूक झाले, आणि विकर्णासारखा एखादाच तिच्या बाजूने उभा राहिला. आमच्या रविवारच्या खेळाची त्या अनर्थाशी तुलना करण्याचा अविवेक मी करणार नाही. परंतु जे मूल्य त्या प्रश्नात आहे ते आकाराने लहान झाले म्हणून नष्ट होत नाही. जो समोर नाही त्याचे जे काही असेल ते सांभाळता येते, पणाला लावता येत नाही.

आणि सांभाळावे कसे, याचा आदर्शही आपल्याच परंपरेत आहे. भरताने चौदा वर्षे नंदिग्रामात राहून अयोध्येचा कारभार चालवला, पण सिंहासनावर पादुका होत्या. राज्याचा प्रत्येक व्यवहार तो आधी त्या पादुकांपुढे निवेदन करी. राज्य थांबले नाही, आणि तरी रामाची जागा कोणी घेतली नाही. कारभार चालू ठेवणे आणि जागा बळकावणे यांतला भेद ज्याला कळला, त्याला गैरहजर खेळाडूच्या कागदाचे काय करावे हे निराळे सांगावे लागणार नाही. तो कागद ही ठेव आहे. ठेवीदाराच्या अनुमतीवाचून ती जुगारात घालता येत नाही, मग जुगार लाभाचा ठरला तरीही.

यावर तीन आक्षेप घेतले जातात, आणि तिन्ही विचारार्ह आहेत. पहिला असा की हा अखेर खेळ आहे; कागदावरच्या मरणाचा एवढा शोक कशाला? मला वाटते, जे माणूस स्वखुशीने, कोणत्याही मोबदल्याविना, दीड वर्ष घडवते त्यात त्याचा जीव गुंतलेला असतो, आणि वाळूचा किल्ला वाळूचाच असला तरी बांधणाऱ्याच्या गैरहजेरीत तो पायाने मोडणाऱ्याला आपण सभ्य म्हणत नाही. दुसरा आक्षेप असा की गैरहजराला अभय दिले तर हजर राहणाऱ्यांवर अन्याय होतो. संकटे त्यांनी सोसावी आणि अनुभवाचे गुण मात्र सर्वांना सारखे मिळावे, हे कसे? २०१४ सालच्या त्या ग्रंथात या प्रश्नाचीही चर्चा आहे. सर्वसाधारणपणे जो आला नाही त्याच्या पात्राला गुण मिळत नाहीत, असे सांगून तो पुढे म्हणतो की काही सूत्रधार सर्वांना समान गुण देतात, आणि न येताही गुण मिळणार म्हणून खेळण्याचा आनंद मुद्दाम सोडणारे लोक विरळाच. माझा कौल या दुसऱ्या पद्धतीला आहे. प्रौढ वयात माणसे आळसाने गैरहजर राहत नाहीत. रात्रपाळी लागते, मुलाला ताप भरतो, लेखापरीक्षण निघते, वडील दवाखान्यात असतात. ज्याने आधीच आपला रविवार गमावला त्याच्याकडून वर दंड वसूल करणे ही कारकुनी न्यायबुद्धी झाली. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: धोक्यावाचून कथेत प्राण नाही, आणि अभय मिळालेले पात्र सगळ्या प्रसंगाची धार बोथट करते. हे खरे आहे. म्हणूनच शक्य असेल तेथे गैरहजर पात्राला धोक्याच्या जागी आणूच नये, आणि आणणे भागच पडले तर त्याच्या नशिबाचा निकाल रद्द न करता केवळ तहकूब ठेवावा, असे माझे म्हणणे आहे.

हे कलेच्या अंगानेही शोभिवंत होऊ शकते. क्रिटिकल रोल या नावाने २०१५ सालापासून जी मंडळी आपला खेळ इंटरनेटवरून प्रेक्षकांसमोर खेळत आली आहेत, त्यांच्यातील अभिनेत्री ॲशली जॉन्सन यांना ब्लाइंडस्पॉट या दूरचित्रवाणी मालिकेच्या चित्रीकरणासाठी वारंवार न्यूयॉर्कला राहावे लागे. पहिल्या मोहिमेत त्यांची पाइक ही पुजारीण दूरच्या नगरीत देवकार्यासाठी मागे राहिली आणि प्रसंगविशेषी सूक्ष्म देहाने सोबत्यांना येऊन मिळाली. २०१८ साली दुसरी मोहीम सुरू झाली तेव्हा त्यांनी यशा नावाची अशी योद्धी घेतली, जी वादळाची हाक आली की न सांगता निघून जाते आणि केव्हा तरी परतते. गैरहजेरी हा त्या पात्राचा स्वभावच झाला. तिच्या जाण्याने कथेला भोक पडले नाही, उलट ती कोठे गेली असेल या कुतूहलाने कथा अधिक गहिरी झाली. बेन रॉबिन्स यांच्या वेस्ट मार्चेस या मोहिमेने याच प्रश्नाला निराळ्या अंगाने हात घातला. तेथे बैठकीचा वार ठरलेला नव्हता, पथकही ठरलेले नव्हते; प्रत्येक सफर गावातून निघे आणि त्याच बैठकीत गावात परते. जे जमतील तेच निघतील, म्हणून कोणी गैरहजर असा उरतच नसे. म्हणजे पाहा, पन्नास वर्षांपूर्वीची भुयाराची जुनी रीतच नव्या समंजसपणाने परत आली.

ज्यांना सलग कथाच प्रिय आहे आणि ज्यांचे रविवार माझ्यासारखेच अनिश्चित आहेत, त्यांना मी नम्रपणे एक सुचवू इच्छितो. मोहिमेच्या पहिल्याच दिवशी प्रत्येकाने आपल्या पात्राचे एक मुखत्यारपत्र लिहून द्यावे. ते कुलमुखत्यारपत्र नसावे. कोणकोणते अधिकार दिले हे मोजून सांगणारे खासमुखत्यारपत्र असावे. माझ्या गैरहजेरीत पात्राने कोठे राहावे, चालवावे लागलेच तर कोणी चालवावे, कोणती सामग्री खर्चावी आणि कोणतीला हात लावू नये, कोणती गोष्ट हे पात्र प्राण गेला तरी करणार नाही, एवढ्या चार बाबी त्यात पुरेत. क्रिकेटमध्ये साध्या बदली क्षेत्ररक्षकाला चेंडू अडवता येतो, झेलही घेता येतो, पण फलंदाजी वा गोलंदाजी करता येत नाही. मुखत्याराचा अधिकारही तितकाच असावा.

सूत्रधाराची कर्तव्ये याहून कडक आहेत. शक्यतो प्रत्येक बैठक अशा मुक्कामावर संपवावी, जेथून एखादे पात्र सहज मागे राहू शकेल. ते न जमता लढाईच्या ऐन मध्यात बैठक तुटली आणि पुढल्या वेळी तो खेळाडू आला नाही, तर मुखत्याराने पात्र मागल्या फळीत ठेवावे. तरीही घाव बसून ते कोसळले, तर ज्या तीन अपयशांनी चालू नियमांनुसार मृत्यू ओढवतो ते फासे त्या दिवशी टाकूच नयेत. पात्र बेशुद्ध आहे, सोबती त्याला खांद्यावर वाहून नेत आहेत, एवढ्यावर विषय थांबवावा. तो फासा ज्याचा त्याच्याच हातून पडावा. कोणाच्या पित्याचा मारेकरी समोर येणार असेल, कोणाचे जुने वचन फेडले जाणार असेल, आणि नेमका तोच खेळाडू आला नसेल, तर बाकीचे सगळे हजर असूनही तो प्रसंग पुढे ढकलावा. आणि प्रत्येक बैठकीचा रोजनामा ठेवावा, म्हणजे परतणाऱ्याला आपल्या मागे काय घडले ते कोणाच्या कानगोष्टीतून कळण्याची पाळी येणार नाही.

आमच्या टेबलावर आता एक पुठ्ठ्याच्या बांधणीची वही असते. तिच्या पहिल्या पानांवर पाच मुखत्यारपत्रे आहेत, आणि त्यांतले पहिले त्या मैत्रिणीचे आहे, कारण काही महिन्यांनी तिने नवे पात्र घेतले, तेही पुन्हा जखमा बांधणारेच. तिच्या वळणदार अक्षरांत तेथे लिहिले आहे: “मी नसेन तेव्हा हिला मुक्कामावर ठेवावे. कोणी जखमी आला तर हिने औषध द्यावे, कोणाला नाही म्हणू नये. पुढे मात्र पाठवू नये. पुढे जायचे तेव्हा मी येईन.”